सहा लेकरांची खोली

अल्काबाईच्या घरी दिवसाचं पहिलं लेकरू यायचं ते नूतन. तिची आई दुर्गा एसटीत कंडक्टर होती. सकाळची गाडी असली की ती सहाच्या आतच खाकी गणवेशात दारात उभी राही आणि झोपलेली पोर अल्काबाईच्या खांद्यावर टाकून डेपोकडे निघून जाई. नूतनचा बाप चैतराम रायपूरला कारखान्यात होता, महिन्यातून एखाददा यायचा. आठ महिन्यांची असताना नूतन इथं आली, ती आता तीन वर्षांची होत आली होती. अल्काबाईला ती ‘अल्काआई’ म्हणायची, आणि संध्याकाळी राइस मिलमधून परतणाऱ्या यादोरावला, अल्काबाईच्या नवऱ्याला, दारातूनच ‘जय भीम बाबा’ म्हणून ओरडायची.

मुर्री रस्त्याच्या कडेला अल्काबाईचं छोटं घर होतं. समोर एक खोली, मागं स्वयंपाकघर, बाजूला उघडी सपरी, म्हणजे पडवी. एकुलता एक मुलगा राजदीप शिकून पुण्याला नोकरीला गेला, तेव्हा शेजारच्या नर्सबाईनं आपलं बाळ दिवसभर सांभाळायला दिलं. एकाची दोन झाली, दोनाची पाच. २००७ साली तिच्या खोलीत अकरा लेकरं होती. कुणाला नाही म्हणणं तिला जमत नसे.

त्या वर्षी उन्हाळ्यात पालिकेचं पत्र आलं. घरात चालणाऱ्या पाळणाघरांची आता आधी तपासणी आणि मग नोंदणी होणार होती. एका लेकरामागं किती जागा हवी, किती लेकरांमागं एक मोठं माणूस हवं, गॅस कुठं असावा, रस्त्याकडचं दार कसं असावं, सगळं त्यात लिहिलं होतं. यादोरावनं दोनदा वाचून दाखवलं. मग खोली पावलांनी मोजली.

“दहा बाय बारा. म्हंजे सहा लेकरं.”

“आन बाकीचे पाच?”

यादोरावनं पत्राची घडी घातली.

उपाय सुचवला तो रस्त्यापलीकडच्या मंदाबाईनं. “तपासनीच्या दिवशी पाच लेकरं माह्या घरी आनून ठेव. मॅडम गेली की घेऊन जाय. कोनाले काय समजते?”

अल्काबाईला ते पटलं नाही. पण दुसरं काही सुचतही नव्हतं. तपासणीच्या सकाळी तिनं चार थोरली लेकरं आणि नूतन मंदाबाईकडं नेऊन बसवली. नूतननं पदर सोडला नाही. अल्काबाईनं एकेक बोट सोडवून पदर काढून घेतला आणि मागं न बघता रस्ता ओलांडला.

तपासणीला आलेली रंजिता मॅडम तिशीच्या आतलीच होती. तिनं टेप काढून खोली मोजली, खिडक्या मोजल्या, पाण्याच्या माठावर झाकण आहे का ते पाहिलं. चटईवरची सहा लेकरं तिच्याकडे टकामका बघत होती. “चांगलं ठेवलंय हो तुम्ही,” ती म्हणाली आणि लिहायला बसली.

तेवढ्यात बाहेर करकचून ब्रेक लागला. पाठोपाठ कुणीतरी ओरडलं, “किसकी बच्ची है? अरे, किसकी बच्ची है ये?”

दोघी धावत बाहेर आल्या. रेतीनं भरलेला ट्रॅक्टर रस्त्यात तिरपा उभा होता. ड्रायव्हर खाली उतरला होता. आणि पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर नूतन उभी होती. अनवाणी. अल्काबाईला पाहताच ती धावली आणि तिच्या पायांना मिठी मारून म्हणाली, “आई.”

नुसतं ‘आई’. असं ती कधी म्हणाली नव्हती.

“देख के रखो बाई! अभी नीचे आ जाती!” ड्रायव्हर म्हणाला आणि डोक्यावरचा गमछा तोंडावर धरून तिथंच खाली बसला.

पलीकडून मंदाबाई धापा टाकत आली. रंजिता मॅडमनं विचारलं, “ही कुणाची मुलगी?”

मंदाबाई अल्काबाईकडं बघू लागली. शेजारची आहे, असं म्हटलं असतं तर भागलं असतं. अल्काबाईनं नूतनला उचललं. पोरीचं काळीज पाखरासारखं धडधडत होतं, ते तिला आपल्या छातीवर कळत होतं.

“माह्याच पाळनाघरातली हाये,” ती म्हणाली. “अजून चार तिकडं हायेत. मीच लपवली.”

आत आल्यावर रंजिता मॅडमनं चटईवरची लेकरं पुन्हा मोजली. मग म्हणाली, “मी आज बंद करायला सांगू शकते, मावशी.”

“सांगा. चूक माही हाये.”

“बंद केलं तर ही अकराही कुठं जातील ते मला माहीत आहे. कुलूपबंद घरात, नाही तर बांधकामावर, वाळूच्या ढिगाजवळ.” तिनं पेन उघडलं. “मी खरं तेच लिहीन. अकरा सापडली, असं लिहीन. एक महिन्याची मुदत देते. सहाच ठेवा. पुढं दुसरी खोली काढलीत आणि सोबतीला एक बाई ठेवलीत, तर वाढवून मिळतील. पण त्याआधी एकही नाही. तो ट्रॅक्टर...” तिनं वाक्य पुरं केलं नाही.

त्यानंतर रोज दुपारी लेकरं झोपली की अल्काबाई भिंतीला टेकून त्यांच्याकडं बघत बसे. कोण राहणार, कोण जाणार? तिघांची अंगणवाडीत सोय होण्यासारखी होती. एकाची आत्या कामठ्याला होती, ती सांभाळायला तयार झाली. उरली सात. त्यातली पाच तिनं मनाशी पक्की केली. मग एका जागेसाठी दोघं राहिली. एक, स्टेशनवर झाडू मारणाऱ्या बाईचं दहा महिन्यांचं बाळ, ज्याच्या घरी दुसरं कुणीच नव्हतं. आणि दुसरी नूतन, जिची आजी अर्ध्या तासावरच्या गोरेगावला होती.

“नूतनले ठेव,” यादोराव म्हणाला. “दुसऱ्या कोनाले सांग. तुले करमन नाई तिच्याबिना.”

“मन कोनाकडं ओढते ते पाहून ठरवू काय? त्या बाईचं लेकरू फलाटावर झोपन.”

“मंग कायले रडून राहिली?”

“रडू बी नको काय?”

दुर्गाला सांगायचं धाडस तिला चार दिवस झालं नाही. पाचव्या दिवशी ड्युटी सुटल्यावर दुर्गा दारात टेकली, तेव्हा तिनं सांगून टाकलं. दुर्गा कितीतरी वेळ पायातल्या बुटाची नाडी सोडत राहिली.

“सासू तर कधीची मांगून राहिली पोरीले,” ती शेवटी म्हणाली. “मीच देत नोहतो. ड्युटी सुटली का इथून उचलायची, घरी नेऊन भात खाऊ घालायचा. तेवढंच तर होतं माह्याजवळ.” मग थोड्या वेळानं, “आता मले बी ती गोरेगावच्या गाडीवर ड्युटी असन तेव्हाच, आठवड्यातून तीनच दिवस दिसन.”

अल्काबाईला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

नूतन गेली त्या दिवशी तिला काही कळलं नाही. आजीकडं जायचं, कोंबडीची पिल्लं बघायची, म्हणून ती खुशीत होती. गाडीच्या खिडकीतून तिनं हात हलवला तो अल्काबाईकडं नव्हे, बाजूच्या फुगेवाल्याकडं.

खोलीत आता सहा लेकरं होती. जागा मोकळी झाली होती, गोंधळ कमी झाला होता. तरी भात लावताना अल्काबाईच्या हातून एक मूठ जास्त पडायची. पहाटे पाचलाच जाग यायची आणि ती दार उघडून बसायची. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक चपलेच्या आवाजाकडं तिचे कान असायचे. “कोनाची वाट पाहून राहिली?” यादोराव विचारी. “कोनाची नाई,” ती म्हणे आणि दार तसंच उघडं ठेवी. मिलमधून आल्यावर तोही उंबऱ्यात क्षणभर थांबे. त्याला ‘जय भीम’ म्हणायला तिथं कुणी नसे.

एकदा तिनं निरोप पाठवला, भेटायला येऊ का म्हणून. दुर्गाच्या सासूचा, सुशिलाबाईचा, उलट निरोप आला, “आत्ता नका येऊ. आता कुठं पोरगी रात्रीची रडायची थांबली. तुम्ही दिसल्या तर मांगं लागन.”

ते बरोबर होतं. पण बरोबर आहे म्हणून मन ऐकतं थोडंच. गोरेगावच्या बाजाराचा दिवस आला की अल्काबाई लेकरं मंदाबाई आणि त्या दिवशी मिलला सुटी असलेल्या यादोरावच्या हवाली करून तास-दोन तास मोकळी होई आणि दुर्गाची गाडी बघून तीत बसे. दुर्गा तिकिटं फाडत फाडत तिच्यापर्यंत येई. गर्दीत जेवढं बोलता येईल तेवढं बोलणं होई.

“काल वांग्याची भाजी खाल्ली.”

“वांगी? इथं तर थुकून द्यायची.”

“‘माहा दात पडला काय?’ असं मले इचारून राहिली होती. एवढ्याशा पोरीचा कोनता दात पडते!” पुढच्या सीटवरून कुणी हाफ तिकीट मागितलं की दुर्गा पुढं जाई. अल्काबाई खिडकीबाहेरच्या धानाच्या शेतांकडं बघत तेवढी बातमी मनात घोळवत राही. गोरेगावला उतरून ती पावभर मिरच्या घेई, नको असलेली टोपली घेई. सुशिलाबाईच्या घराकडं जाणारा रस्ता बाजारातूनच फुटत होता. त्या वळणावर ती उभी राही. पुढं पाऊल टाकत नसे. त्याच गाडीनं परत येई.

सात महिने असे गेले. तेवढ्या काळात यादोरावनं सपरीला विटांची भिंत घातली, वर पत्रे टाकले, खिडकी बसवली, रस्त्याकडच्या दाराला लहान मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंच कडी लावली. मंदाबाई सोबतीची बाई म्हणून नेमानं येऊ लागली. ट्रॅक्टरच्या त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही, पण लेकरं तिच्या ताब्यात असली की ती दाराकडं पाठ करून बसत नसे.

रंजिता मॅडम पुन्हा टेप घेऊन आली. नवी खोली मोजली. “आणखी चार,” ती म्हणाली. “आता एकूण दहा. खुशाल भरा.”

तीन जागा आठवड्यात भरल्या. चौथ्या जागेसाठी अल्काबाई गोरेगावला गेली. या वेळी तिनं वळणावर पाय अडवला नाही.

नूतन अंगणातच होती. उंच झाली होती. अल्काबाईला पाहून थबकली, मग ओळखीचं हसली. “अल्काआई! माही शाळा पाय.” तिनं दप्तर आणून दाखवलं, पाटी दाखवली, बालवाडीतली एक कविता हात करून म्हटली. मांडीवर बसली नाही. शेजारची पोरगी हाक मारताच उड्या मारत गेली, परत आली, पुन्हा गेली.

“न्यायले आल्या काय?” सुशिलाबाईनं पाण्याचा गडू पुढं करत विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. त्या भीतीकडं अल्काबाई बघतच राहिली. तपासणीच्या सकाळी नूतनच्या बोटांतून पदर सोडवताना जी भीती तिला स्वतःला वाटली होती, तीच या म्हातारीच्या डोळ्यांत होती.

“नाई,” ती म्हणाली. “बाजाराले आलो होतो. म्हटलं भेटून जाव.”

निघताना नूतन फाटकापर्यंत आली. “तू पुन्हा येशीन?”

“येईन.”

“मंग जाय,” नूतन म्हणाली आणि खेळायला पळाली.

परतीची गाडीही दुर्गाचीच होती. तिनं तिकीट दिलं, आणि गाडी रिकामी होती म्हणून क्षणभर तिच्या शेजारी बसली. दोघी काचेबाहेर बघत राहिल्या.

दहावी जागा रिकामीच राहिली. कुणी विचारायला आलं की अल्काबाई म्हणे, “भरली हाये.” मंदाबाईनं एकदा नऊ डोकी मोजून दाखवली. “दहावं कोन?” अल्काबाई लेकरांची दुपटी वाळत घालत राहिली.

पुढच्या जूनमध्ये एका सकाळी एक पोरसवदा बाई दारात आली. कडेवर सहा महिन्यांची मुलगी. मिलमध्ये धान वाळवायचं काम लागलं होतं, आजच हजर व्हायचं होतं, आणि तीन ठिकाणी नाही ऐकून ती आली होती. मंदाबाईनं सवयीनं सांगितलं, “भरली हाये, बाई.” ती बाई लेकरू सावरत वळली.

“थांब,” अल्काबाई आतून म्हणाली. “आन इकडं.”

लेकरू दिवसभर रडलं. दूध घेईना, झोपेना, कुणाच्या हाती थांबेना. अल्काबाई त्याला घेऊन नव्या खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. संध्याकाळी आई आली तेव्हाही ते रडतच होतं. ती घाबरून म्हणाली, “उद्या आनू का नको?”

“आन,” अल्काबाई म्हणाली. “आठ दिवस रडते. मंग लळा लागते.”