तिसऱ्या वळणाखाली

मित्रांनो, मी एक जुनी रेसची गाडी आहे. गाडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं, त्यातलं माझ्याकडे फारसं काही नाही. मला दारं नाहीत, टप नाही, हॉर्न नाही, आणि बसायला जागा एकाचीच. वाळूजच्या एका शेडमध्ये विशाखाताईंनी दोन वेल्डरांना हाताशी धरून मला लोखंडी नळ्यांतून उभं केलं. भंगारात निघालेल्या एका मोटारीचं इंजिन धुऊनपुसून माझ्या पाठीशी बसवलं आणि मला पिकल्या जांभळासारखा रंग दिला.

त्याच वर्षी शंतनूसाहेबांनी वेरूळच्या अलीकडच्या माळावर रेसचा ट्रॅक बांधला. ताई तिथं शिकवू लागल्या आणि मी त्यांची शिकवणीची गाडी झाले. किती नवशिके माझ्यात बसले! कुणी डॉक्टर, कुणी कारखान्यातला इंजिनियर, कुणी नुसताच हौशी. दसऱ्याला मला झेंडूची माळ पडायची. पुढे नव्या, हलक्या गाड्या आल्या. मी शेडच्या कोपऱ्यात गेले आणि एका मांजरीनं माझ्या सीटवर पिल्लं घातली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. ऊब होती तेवढीच. ताई अधूनमधून माझं इंजिन सुरू करून बघायच्या.

एक गोष्ट मात्र नऊ वर्षं माझ्या मनात राहिली. तुम्हाला जसे पाय, तशी मला चाकं. सगळ्या ट्रॅकवर माझ्या चाकांखाली सरसर आवाज यायचा. तिसऱ्या वळणावर तो बदलायचा. रिकाम्या रांजणावर थाप मारावी तसा खालून घुमायचा. त्या घुमण्याच्याही खाली, फार खोल, एक बारीक कुरकुर असायची, जुना लाकडी रहाट ओढल्यासारखी. तिथून जाताना माझं डावं पुढचं चाक भर उन्हात गार पडायचं. शेडमधल्या पडद्यावर त्याच्या तापमानाचा आकडा दर फेरीला दहा अंशांनी उतरायचा. ताईंनी मापक दोनदा बदलला. नव्या मापकानंही तेच दाखवलं.

मला बोलता येत नव्हतं. ज्याला येत होतं, तो बोलत नव्हता.

त्याचं नाव सोनाजी. ट्रॅकचा राखणदार. मूळचा पिशोरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, साठीला टेकलेला, डोक्याला लाल पागोटं. रोज सकाळी धूळ बसवायला तो टँकरनं पाणी मारायचा. तिसरं वळण आलं की टँकर ट्रॅकबाहेर काढायचा आणि लांबून फिरवून परत आत घ्यायचा. पोरं हसायची. सोनाजी हसण्यावारी न्यायचा. सुट्टीच्या दिवशी त्याच्या भावाची मेंढरं माळ ओलांडायची. तीही तिथं आली की दोन बाजूंना फुटायची, जणू मधे झाड आहे, आणि पुढं जाऊन पुन्हा एक व्हायची. मधे झाड नव्हतं. साधं गवतही नीट उगवत नव्हतं.

ती जानेवारीतली शनिवारची दुपार होती. दुसऱ्या दिवशी मोठी शर्यत होती, अठरा गाड्या येणार होत्या. गारखेड्याच्या एका शाळेची दोनशे मुलं शर्यत बघायला येणार म्हणून त्यांच्यासाठी मंडप घालायचं काम चाललं होतं. मंडप होता नेमका तिसऱ्या वळणाच्या आतल्या बाजूला. सोनाजी बराच वेळ ते खांब बघत उभा राहिला. मग शेडमध्ये आला.

"ताई," तो म्हणाला, "एक फेरी मला मारू द्या. या जांभळीतून."

विशाखाताईंना वाटलं, थट्टा करतोय. "मामा, तुम्ही? रेसच्या गाडीतून?"

"नऊ साल टँकर हाकलाय. आजवर तुमच्याकडं काही मागितलं का मी?"

ताईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि कपाटातून सर्वांत मोठं हेल्मेट काढलं.

पागोटं काढून त्यानं घडी करून फळीवर ठेवलं. माझ्यात शिरायचं म्हणजे जवळजवळ निजायचंच. पाय पुढे नळीत, गुडघे वर, डोळे जमिनीपासून दोन हातांवर. ताईंनी खांद्यांवरून, कमरेवरून, मांड्यांमधून पट्टे आवळले.

"ताई, हे मढ्यासारखं बांधता व्हय?"

"जिवंत राहावं म्हणून बांधतात, मामा."

त्याचा पाय जड होता. दोनदा मी बंद पडले. तिसऱ्यांदा झटका देऊन निघाले आणि तो जोरात ओरडला. भीतीनं की आनंदानं, ते त्यालाही कळलं नसावं. पहिली फेरी त्यानं बैलगाडीसारखी नेली. दुसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावर मात्र त्यानं पाय दाबला. मित्रांनो, त्या पट्ट्यावर जमीन पाठीखालून कशी पळते ते सांगून कळायचं नाही. वारा हेल्मेट धरून ओढतो. मान दगडासारखी होते. सोनाजीनं स्टिअरिंग घट्ट धरलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणाच्या मागे नव्हता, मेंढरांच्याही नाही. आणि तो खदखदून हसत होता.

मग तिसरं वळण आलं. या वेळी त्यानं मला बाहेर काढलं नाही. मधोमध नेलं.

खालून घुमलं. चाक गार पडलं. मग ती कुरकुर आली.

त्याचं हसणं तुटलं. "ऐकलंस का गं?" तो मला म्हणाला. माझ्याशी असं कुणी कधी बोललं नव्हतं.

पुढच्या फेरीला तो त्या वळणाच्या दहा पावलं अलीकडे थांबला. मला ट्रॅकवर आडवं लावलं आणि इंजिन बंद केलं. माळावर वारा नव्हता. मंडपवाले जेवायला बसले होते. इतक्या शांततेत तो आवाज आता स्पष्ट येत होता. कुर्र. थांब. कुर्र. कुणीतरी न थकता पाणी ओढत होतं.

ताई धावत आल्या. मागून शंतनूसाहेब आले. "काय झालं? गाडी बिघडली?"

"गाडी चांगली हाये," सोनाजी म्हणाला. "साहेब, इथं खाली बारव हाये. पायऱ्यांची. आमची मेंढरं आज्याच्या वक्तापासून पाणी प्यायची इथं."

"कुणी सांगितलं तुला? कागदावर असं काही नाही."

"कोण सांगणार? मीच बुजवली. माझ्याच ट्रॅक्टरनं. ठेकेदार म्हणला, दोन दिसांत उरक, कुणाला बोलू नको. तळापातुर भरलीच नाय. तोंडाशी बाभळीचे ओंडके आडवे टाकले, वरून मुरूम. ओंडके किती साल टिकतेत?"

साहेबांचा चेहरा उतरला. "नऊ वर्षं का बोलला नाहीस?"

"पोटाला भ्यालो. मंग लाजलो. पायानं चाललं तर काही कळत नाय, म्हणून वाटायचं, ओंडके धरून असतील. आज येगात वजन पडलं अन् मला ऐकूच आलं."

साहेब चिडले होते. पोस्टरं लागली होती, माणसं निघाली होती. "सोनाजी, आधी गाडी बाजूला घे. उद्याचं झाल्यावर बघू."

"नाय घेणार. तिथं दोनशे लेकरं बसायचीत." तो पट्ट्यांमध्ये तसाच बांधलेला, हलला नाही.

विशाखाताई माझ्या डाव्या चाकाकडे बघत होत्या. त्यांनी हात टेकवून पाहिला आणि चटकन मागे घेतला. मग मंडपवाल्यांकडून पहार आणली आणि डांबराच्या कडेला उघड्या जमिनीत घातली. एकदा. दोनदा. तिसऱ्या घावाला पहार त्यांच्या हातातून निसटली आणि सरळ आत गेली.

आवाज आला नाही. सगळे उभेच राहिले. मी मनात मोजत होते. मग फार खालून 'डुबुक' ऐकू आलं. आणि लगेच तीच कुरकुर पुन्हा, पण आता भरभर. पडलेलं काहीतरी कुणी वर ओढत असावं तशी.

मंडपवाल्यांनी ताटं टाकली आणि रस्त्याकडे धूम ठोकली. साहेबांनी फोन काढला आणि शर्यत रद्द केली.

सोमवारी जेसीबी आली. तिनं नुसता पंजा टेकवला, तर डांबर पापडासारखं मोडलं आणि मंडपाची सगळी जागा खाली गेली. आठवडाभर उपसा चालला. काळ्या दगडाच्या पायऱ्या वर आल्या. रहाट कुठंच नव्हता. लाकडाची साधी ढलपीही नव्हती.

शेवटच्या दिवशी सोनाजी दोर बांधून तळाशी उतरला. मला खाली जाता येत नाही. त्यानं काय पाहिलं, ते त्यानं संध्याकाळी आपल्या बायकोला, कस्तुराबाईंना, माझ्याशेजारी बसून सांगितलं, तेव्हा मला कळलं.

"वरच्या पायऱ्यांवर बोटभर धूळ. पण खालच्या तीन वल्या. अन् त्यांच्यावर खुरं. मेंढरांची. ताजी. बारकी कोकरांचीबी. सगळी पाण्याकडं गेलेली. माघारी आलेलं एक नाय."

कस्तुराबाईंनी विचारलं, "पिलेली का ती?"

"व्हय. काठाला पाणी गढूळ व्हतं."

"मंग झालं," त्या म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या.

त्या दिवसापासून कुरकुर ऐकू आलेली नाही. सोनाजीची नोकरी राहिली. तशी अट विशाखाताईंनीच साहेबांना घातली. ट्रॅक आता बारवेला वळसा घालून जातो. मी पळत नाही. माझं इंजिन काढून बारवेच्या पंपाला जोडलंय, आणि मी नुसती सांगाडा होऊन काठावर उभी असते. उन्हाळ्यात आसपासच्या वस्त्यांवरच्या बाया हंडे घेऊन येतात. पाणी गोड आहे म्हणतात.

मित्रांनो, तुम्ही कधी या बाजूला आलात तर मला हात लावा, माझ्यात बसून फोटो काढा, माझी हरकत नाही. मागणं एकच आहे. कठड्यावरून वाकून आत दगड मारू नका, प्लास्टिकच्या बाटल्या टाकू नका. पाणी उघडं आहे, ते स्वच्छ राहू द्या. खाली कुणीतरी पीत असतं.