टेकण्याआधी

त्याने फळ्यावरची निळी रेघ अंगठ्याने पुसली आणि तिच्या जागी दुसरी काढली.

“लांब पास टाकतील,” तो म्हणाला. “त्यांच्याकडे दुसरा उपायच नाही. त्या उंच माणसाला दोघांनी धरा. बाकी शहाणपणा नको. पाच सेकंद आहेत, नुसते उभे राहिलात तरी निघून जातील.”

बारा घामेजलेली डोकी फळ्यावर वाकली होती. एका गुणाने पुढे. हे पाच सेकंद सरले की बास्केटबॉलचा हा संघ शेवटच्या चारांत, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच. कर्णधाराने गुडघ्यावरची पट्टी वर ओढली. चौतिशीचा गडी, पोरं त्याला काका म्हणायची आणि तो रागवायचंही सोडून बसला होता.

“सर,” काका हळूच म्हणाला, “जिंकलो तर तुम्ही अडकलात.”

“फळ्याकडे बघ.”

अडकणं म्हणजे काय, हे साऱ्या संघाला ठाऊक होतं. करारात एक कलम होतं: संघ शेवटच्या चारांत पोचला तर प्रशिक्षकाची मुदत आपोआप आणखी दोन वर्षं. ते मालकाने नव्हे, त्यानेच हट्टाने घालून घेतलं होतं, तीन वर्षांपूर्वी, डोक्यात हवा होती तेव्हा. आपली खुर्ची पक्की करतोय असं त्याला वाटलं होतं. मालक करार मोडू देणाऱ्यांतला नव्हता. आधीच्या प्रशिक्षकामागे वकील लावून त्याने त्या बिचाऱ्याला वर्षभर घरी बसवलं होतं. आणि आता जुन्या कॉलेजातून पत्र आलं होतं. मुलींचा संघ सांभाळाल का, सोमवारपर्यंत कळवा. कॉलेजपासून घर चालत दहा मिनिटांवर. घरी बायको आणि सहा वर्षांची लेक, इथून बाराचौदा तासांच्या प्रवासावर. गेल्या खेपेला लेकीने त्याला हाताला धरून न्हाणीघरात नेलं आणि “टॉवेल इथे असतात बरं का,” असं पाहुण्याला सांगावं तसं सांगितलं. बायको हसली होती. तोही हसला होता, आणि मग बराच वेळ तोंड धूत राहिला होता.

म्हणजे हरला तर घरी. जिंकला तर दोन वर्षं क्लबच्या त्या खोलीत, जिची खिडकी उघडली की पार्किंग दिसतं. मुद्दाम हरणं त्याच्या रक्तात नव्हतं. उलट या आठवड्यात त्याने पोरांना नेहमीपेक्षा जास्तच पिदडलं होतं, स्वतःवरचा संशय फिटावा म्हणून.

शिट्टी झाली. तो बाकासमोरच्या आखलेल्या जागेत जाऊन उभा राहिला. प्रशिक्षकाची हद्द तेवढीच, दहाबारा पावलं. रेषेपलीकडे पाय टाकायचा नाही. त्याने हात पाठीमागे बांधले. ही सवय त्याने मुद्दाम लावून घेतली होती. कॉलेजात त्याला डिंक म्हणत, कारण हाताला लागलेला चेंडू सुटत नसे. ते हात बघायला आसपासच्या गावांतून माणसं यायची. चोविसाव्या वर्षी गुडघा गेला. मग शाळांचे संघ झाले, लहानसहान क्लब झाले, आणि मग हा. गुडघा समजूतदारपणे गप्प बसला, हातांना मात्र कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या वर्षी सरावात बाजूला आलेला प्रत्येक चेंडू ते झेलायचे आणि पोरं हसायची. जित्याची खोड, दुसरं काय.

लांब पास आलाच. उंच माणूस दोघांच्या मधून उसळला, त्याची बोटं चेंडूला लागली, आणि चेंडू हवेतून सरळ बाकाच्या दिशेने निघाला. त्यांचा सगळ्यात चपळ खेळाडू त्याच्यामागे धावत सुटला. चेंडू रेषेबाहेर गेला तरी जमिनीला टेकेपर्यंत खेळात असतो. त्या पोराने झेप घेऊन तो आत ढकलला असता तर बास्केटखाली त्यांचा एक जण एकटा उभा होता.

पुढे काय झालं हे त्याला दिसलं ते आपल्याच हातांकडे बघून. चेंडू त्यांत होता. छातीजवळ, दोन्ही तळव्यांत घट्ट, वीस वर्षांपूर्वीसारखा. दुसऱ्या क्षणी तो पोरगा त्याच्यावर येऊन आदळला आणि दोघंही खुर्च्यांत कोसळले.

घड्याळ तीन सेकंदांवर थांबलं.

जवळच्या पंचाचं लक्ष बास्केटखालच्या धक्काबुक्कीकडे होतं. दुसऱ्याला त्या पोराची पाठ आड आली होती. या स्पर्धेत कॅमेरा एकच, तोही पार समोरच्या टोकाला. दोघे पंच कुजबुजले, मग समोरच्या प्रशिक्षकाला बोलावलं. त्या म्हाताऱ्याने खांदे उडवले.

“त्यालाच विचारा,” तो म्हणाला. “तो सांगेल ते मला मान्य.”

हे उगाच नव्हतं. म्हाताऱ्याने ज्याच्यावर हे सोपवलं, त्याने गेल्या वर्षी स्वतः पंचाकडे जाऊन, चेंडूला आमच्याच पोराचं बोट लागलंय, असं सांगितलं होतं आणि सामना घालवला होता. तेव्हापासून या वर्तुळात त्याचा शब्द चालायचा. मालकाने मात्र महिनाभर त्याच्याशी अबोला धरला होता.

मोठा पंच जवळ आला.

“बाहेर टेकला होता, की आधीच धरलात?”

टेकला असेल तर हात शेवटी त्यांचा लागलेला, चेंडू आपला, सामना आपला. टेकण्याआधी धरला असेल तर बाकावरच्या माणसाने खेळात ढवळाढवळ केली: त्यांना एक फ्री थ्रो, वर चेंडूही त्यांनाच. सामना गेल्यात जमा.

टेकला नव्हता. हे त्याला जितकं पक्कं माहीत होतं तितकं दुसरं काहीच नव्हतं. तळव्यांवर तो हवेतला चेंडू अजून होता.

खरं बोलायला त्याला आजवर कधी विचार करावा लागला नव्हता. खरं बोललं की नुकसान व्हायचं, आणि त्या नुकसानीवरूनच त्याला ते खरं असल्याची खात्री पटायची. आज पहिल्यांदाच खरं बोलून फायदा होता. दोन शब्द, आणि सोमवारी घर. मग हात का गेले? खोडीने गेले, की त्यांना पत्र माहीत होतं? बाकाजवळ बारा जण उभे राहून त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांतल्या प्रत्येकाला ते कलम ठाऊक होतं. खरं बोललो तर मुद्दाम हरलो असंच दिसेल, याची त्याला भयंकर भीती वाटली.

“टेकला होता,” तो म्हणाला.

पंचाने मान डोलावली. पुन्हा विचारलंसुद्धा नाही.

तीन सेकंद काकाने चेंडू पोटाशी धरून काढले.

कपडे बदलायच्या खोलीत पोरांनी बाटल्यांमधलं पाणी एकमेकांवर उडवलं, मालकाने येऊन त्याला मिठी मारली आणि “आता दोन वर्षं कुठे जाताय?” असं म्हणत पाठीवर दणके दिले. सगळे बाहेर फोटोला गेले तेव्हा काका एकटा मागे राहिला. तो गुडघ्याची पट्टी सोडत होता.

“सर, मी चार हातांवर होतो,” तो वर न बघता म्हणाला. “टेकला नव्हता.”

“माहीत आहे.”

“मग?”

त्याने खाली पडलेली एक रिकामी बाटली उचलून बाकावर ठेवली.

“जिंकायचं मलाही होतं,” काका म्हणाला. “पण आता बाहेर जाऊन पोरांबरोबर नाचायचंय मला. कसं नाचू ते सांगा.” उत्तराची वाट न बघता तो लंगडत दाराबाहेर गेला.

फोन वाजला तेव्हा तो अजून तिथेच उभा होता. बायको कॉलेजात गुणलेखनाच्या टेबलावर बसायची. नियम तिला त्याच्याइतकेच पाठ होते.

“अभिनंदन,” ती म्हणाली. “अरे, मी फोनवर सामना बघत होते, पण नीट दिसलंच नाही. त्या पोराची पाठ आली मध्ये. तू झेललास तेव्हा मी उभीच राहिले. म्हटलं, गेला सामना. आणि खरं सांगू? बरं वाटलं मला. लाज वाटतेय सांगायला.”

“लाज कसली त्यात,” तो म्हणाला.

“टेकला होता ना?”

बाहेर पोरं त्याच्या नावाने ओरडत होती. त्याने दार लोटून घेतलं. तिला खरं सांगायचं तर हेही सांगावं लागणार होतं, की घरी यायची वाट उघडी होती आणि ती त्याने स्वतःच्या तोंडाने बंद केली. तेही खोटं बोलून.

“हो,” तो म्हणाला. “टेकला होता.”

पलीकडे तिने नाक ओढलं आणि तिचा आवाज एकदम मायेचा झाला.

“मग काय इलाज,” ती म्हणाली. “जातील दोन वर्षं. घरी यायचं म्हणून तू खोटं थोडंच बोलणार होतास.”