पैलवानाचं प्रोटीन आणि माझी मान

मित्रांनो, मी एक जुनी कोंबडी आहे. म्हातारी नव्हे, जुनी. म्हातारी म्हटलं की लोक आधी पातेल्याकडे बघतात.

बोलता बोलता मी मध्येच थांबले, तर रागावू नका. पोटात काहीतरी हलतंय. बऱ्याच दिवसांनी हलतंय. अंडं असेल. नुसता वाराही असेल.

माझा जन्म पिठाच्या गिरणीमागे एका खोक्यात, दिव्याच्या उबेत झाला. गिरणी मावशींची. डोळे उघडले तेव्हा सगळं पांढरं दिसलं. मला वाटलं, जग असंच असतं. ते पीठ होतं. सांडलेले दाणे टिपत मी वाढले. पहिलं अंडं घातलं, तेव्हा मावशींनी ते तळहातावर घेऊन दळणाला आलेल्या प्रत्येकाला दाखवलं. "बघा, आमच्या बाईंचं पहिलं!" त्या दिवशी मी इतकी ओरडले, की गिरणी बंद आहे की चालू, तेच कळेना.

मग रोज अंडं. कौतुक आटलं. रोज उगवणाऱ्या सूर्याचं तरी कोण कौतुक करतं?

थांबा.

नाही. वाराच होता.

तर, मावशींचा भाचा राहायला आला. अंगाने काडी, स्वप्नं खांबाची. त्याने व्यायामशाळेत नाव घातलं, तिथे निम्मा वेळ आरशासमोर काढला, आणि मावशींनी त्याचं नाव पैलवान ठेवलं. पोतं उचलायला सांगितलं की म्हणायचा, "मावशी, माझा व्यायाम संध्याकाळी असतो गं."

सकाळी मात्र त्याचा हात माझ्या खुराड्यात. माझं अंडं, दुकानातली डझनभर, लोटाभर दूध, भिजवलेले शेंगदाणे आणि वर डब्यातली पावडर. "स्नायूंना प्रोटीन लागतं," म्हणायचा. दंड होता तिथेच राहिला. फुगलं ते पोट. संध्याकाळी तो गिरणीत आला, की मावशी मुकाट्याने मागचं दार उघडून ठेवायच्या.

इकडे माझी अंडी कमी होत गेली. मग बंदच झाली. एक दिवस पैलवान खुराड्यासमोर उकिडवा बसला आणि माझ्याकडे प्रेमाने बघू लागला. मी समजले.

"मावशी, ही आता नुसती बसून खाते."

"आणि तू काय करतोस?"

"अगं, पण कोंबडीत भरपूर प्रोटीन असतं!"

रोज तेच टुमणं. शेवटी मावशी कंटाळल्या. "रविवारपर्यंत थांब. अंडं नाहीच आलं, तर बघू."

मित्रांनो, कोंबडीच्या आयुष्यात 'बघू' हा फार वाईट शब्द आहे.

मी पिसं फुगवून बसले. उभी राहून जोर लावला. एका पायावरही लावून पाहिला. जोर लावून अंडं येत नाही आणि नुसतं खाऊन दंड येत नाही. मला हे तेव्हा कळलं. त्याला कळायचं होतं.

रविवार उजाडला. पैलवान दगडावर सुरी घासत बसला. तेवढ्यात शेजारच्या नर्सताई दळण घेऊन आल्या.

"काय रे, कुणाचा जीव घेतोयस सकाळी सकाळी?"

"प्रोटीन कमी पडतंय, ताई. किलोमागे दोन ग्रॅम धरलं, तर नव्वद किलोला एकशे ऐंशी लागतं."

नर्सताईंनी त्याला वरून खाली पाहिलं. "नव्वद? आणि ते ठेवलेत कुठे?"

"तेवढं व्हायचंय मला."

मावशींनी त्याचा कान धरला आणि कान न सोडता त्याला धान्याच्या वजनकाट्यावर उभं केलं. पंचावन्न.

"अरे, आजच्या वजनावर धरतात!" नर्सताई म्हणाल्या. "घाम गाळून व्यायाम करणाऱ्यालाही किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास पुष्कळ झालं. म्हणजे तुला ऐंशी-पंच्याऐंशी, तेही दिवसभरात वाटून. एवढं तर तू दुपारपर्यंतच रिचवतोस."

"मग दंड का वाढत नाही?"

"पंचावन्नच्या पोत्यात नव्वद किलो ओतलं, तर काय होईल?" मावशींनी विचारलं.

"सांडेल."

"कुठे सांडतंय ते आम्हाला वासावरून कळतं! दंडाला काम दे जरा. ती सुरी ठेव आणि पोती आत घे."

पहिलं पोतं त्याने उचललं की पोत्याने त्याला, ते खुराड्यातून नीट दिसलं नाही. दुसऱ्याच्या वेळी तो खाली बसला. तिसऱ्याच्या वेळी मावशींनी हात दिला. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, विव्हळत का होईना.

आता तो ताटात असतं ते नीट जेवतो आणि रोज पोती वाहतो. बाह्या खरोखरच घट्ट झाल्यात. ती सुरी हल्ली पोत्यांची सुतळी कापते. तिचा आवाज आला, की माझी मान अजून आपोआप आत जाते, हा भाग वेगळा.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. ताटावर बसाल तेव्हा आज जेवढे आहात, तेवढेच बसा. उद्याचा आडदांड माणूस आला की त्याला उद्या वाढता येईल. आणि घरातल्या जुन्या कुणाच्या हातून काम होईनासं झालं, तर लगेच सुरीला धार…

थांबा.

थांबा, थांबा.

आलं!

केवढं गरम आहे! तरुणपणी मी ओरडून अख्खी गल्ली गोळा केली असती. आज चोचीने हळूच भुशाखाली सरकवलंय. आत पैलवान पोती रचतोय, आणि काम करून त्याला भूकही कडाडून लागते.

मित्रांनो, तुम्ही काहीही पाहिलेलं नाही. वाराच होता.