हीट पंपाची रजई

विजेचं बिल आलं की आमचे हे आधी चष्मा पुसतात, मग घरभर दिवे मालवत फिरतात. या खेपेला बिल वाचून मटकन खालीच बसले. हिवाळ्याआधी मोठ्या हौसेनं हीट पंप बसवला होता. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरात आणणारं यंत्र. बिल म्हणे निम्म्यावर येईल. आलं दुप्पट!

"ऊब माझ्यासाठीच लागते ना?" सासरे कोपऱ्यातून म्हणाले. "रविवारी थोरल्याकडे जातो. थंडी सरली की येईन."

थोरले दीर तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही, आणि बाबांच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकलेत. एकदा वर चढले की उन्हाळ्यापर्यंत खाली उतरायचं नाव नको. मी ह्यांच्याकडे पाहिलं. बोला ना काहीतरी! पण हे बिलात डोकं खुपसून आकडेच पुन्हा पुन्हा मोजत बसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बाबा म्हणजे माझ्या बाळंतपणात दोन महिने या घरची भांडी घासणारा माणूस. ऊब परवडत नाही म्हणून त्याला घालवायचं?

बाबा बॅग भरायला लागले, तशी मी मेकॅनिकला फोन लावला.

"बाहेरच्या युनिटवर बर्फ चढतोय का बघा," तो म्हणाला. "हवा कोंडली की ते गोठतं. मग आतला हीटर चालू होतो, आणि तो वीज खातो."

हवा कोंडायला आमच्या अंगणात आहे काय? रोज सकाळी बघत होते, सगळं मोकळं.

शनिवारी बाबा उठलेच नाहीत. एरवी सगळ्यांच्या आधी अंगणात हजर असणारा माणूस. खोलीत डोकावले, तर अंगात ताप आणि अंगावर एक पातळ चादर.

"बाबा, रजई कुठेय तुमची?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

रजई अंगणात होती. हीट पंपाला चहूबाजूंनी गुंडाळून सुतळीनं घट्ट बांधलेली. सोडली, तर आत बर्फाचा हा जाड थर.

बाबांनी जन्मभर ट्रक चालवला. थंडीत रात्री इंजिन झाकायचं, पहाटे सोडायचं, की गाडी एका झटक्यात चालू. हे यंत्रही बिचारं बाहेर कुडकुडतं म्हणूनच जास्त वीज खात असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. म्हणून तेही रोज रात्री झाकायचे आणि आम्ही उठायच्या आत सोडायचे.

मी आमच्या खोलीतली रजई आणून त्यांच्यावर घातली आणि चांगली तणतणले. "तुम्हाला काही होऊन बसलं असतं म्हणजे?"

"आधी जुनी चादर बांधत होतो," बाबा हळूच म्हणाले. "एवढं बिल आलं, तेव्हा वाटलं, चादर पातळ पडतेय. म्हणून रजई. म्हटलं, पुढचं बिल कमी आलं तर तुम्ही म्हणाल, राहा."

मला रडूच कोसळलं. मागे दारात हे उभे होते, तेही सगळं ऐकत.

पुढचं बिल खरंच निम्म्यावर आलं. पण बाबांची बॅग त्याची वाट बघत थांबली नाही. ती ह्यांनी त्याच शनिवारी सकाळी कपाटात रिकामी केली होती. स्वेटर आधी खालच्या फळीवर ठेवले, मग बाबांना वाकावं लागू नये म्हणून पुन्हा काढले आणि मधल्या फळीवर लावले.