पडवीचा मुळा

"मुळा हा शब्द 'मूलक' या संस्कृत शब्दावरून आला," असं म्हणून बियाणे खात्याचा अधिकारी कौतुकाची वाट बघत थांबला.

थोरलीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिचा जन्म मुळे उपटण्यात गेला होता. जमिनीतलं मूळ खायचं, म्हणून तो मुळा. हे कळायला तिला शाळा लागली नव्हती. याला मात्र त्याचा पगार मिळत होता.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "मी आपली झाडावर शोधत होते."

तिचा मुलगा ओशाळला. त्याला ओशाळायला निमित्त लागत नसे. वाणाची नोंदणी व्हावी, बियाण्याच्या पाकिटावर आईचा फोटो यावा, म्हणून त्यानंच हा पाहुणा आणला होता. अर्जात 'नावाचा अर्थ व उगम' असा रकाना होता. मुळ्याचं झालं, 'पडवीचा' तेवढं राहिलं. बाजारात गिऱ्हाईक याच नावानं मागायचं: हातभर लांब, सरळसोट, केसभर फाटा नाही.

"पडवीच्या सावलीत वाढतो म्हणून पडवीचा," मुलानं घाईघाईनं सांगितलं. "आईनंच तयार केलाय."

असं थोरली कधी म्हणाली नव्हती. नाही म्हणायलाही गेली नव्हती. घरातल्यांना तेवढं पुरलं.

अधिकाऱ्यानं बी कसं धरता ते विचारलं. तिनं सांगितलं: सगळे मुळे उपटायचे, पाहायचे, दहांतला एखादा ठेवायचा. त्याचा शेंडा नि पाला छाटून तो पुन्हा पुरायचा. त्याला फुलं येतील, डिंगऱ्या धरतील, त्यांतलं बी घ्यायचं. वरून पाला बघून मुळा कळत नाही, आणि कोट बघून माणूस.

अधिकाऱ्यानं कोट सावरला. "हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

"स्वतःच शिकली," मुलगा म्हणाला.

थोरलीला शिकवलं कुणीच नव्हतं. दीर गेल्यावर धाकट्या जावेचं ताट तिच्या डोळ्यांत खुपायला लागलं, तेव्हा तिनं धाकटीचं अंथरूण पडवीत टाकलं होतं. धाकटी अकरा वर्षं तिथंच राहिली. उलट बोलायचं नाही, रडायचं नाही, अशी अळणी बाई. पडवीलगतची पट्टी खणून तिनं मुळे लावले. उपटलेले मुळे ती पुन्हा पुरते, म्हणजे डोक्यावर परिणाम झालाय, असं थोरलीनं गल्लीभर केलं होतं.

धाकटी गेली. त्या वर्षी थोरलीनं न उपटताच सरसकट बी धरलं. पुढचं पीक आलं ते दोन तंगड्यांचं, मिशाळ, आतून पोकळ. बाजारात लोक हसले. मग ती गुडघ्यांवर बसली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून अकरा वर्षं जे हिणवत पाहिलं होतं, ते तसंच्या तसं करायला लागली.

"माझ्या जावेचा मुळा आहे तो," ती म्हणाली. "ती पडवीत राहायची."

"आई, हे कशाला आता?" मुलगा पुटपुटला. "पाकिटावर छापतात ते."

"छापू देत. तुझं थोबाड छापायचं असतं तर मी अडवलं असतं."

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. ती म्हणाली, वाचा. त्यानं वाचलं: "सदर वाण विकसित करणाऱ्या महिलेचे वास्तव्य पडवीत होते, त्यावरून..."

"वास्तव्य," थोरली म्हणाली. "हौसेनं गेली होती होय हवा खायला? खोडा ते. जावेनं घरातून काढून पडवीत ठेवली होती, असं लिहा. कुठली जाऊ, तेही लिहा."

"असं लिहिण्याची पद्धत नाही, बाई."

"मग तुमच्या पद्धतीत सही करणारी दुसरी शोधा."

मुलगा उठून बाहेर गेला. अधिकाऱ्यानं खोडलं, वर बारीक अक्षरात लिहिलं, पुन्हा वाचून दाखवलं. तिनं पेन घेतलं. तिची सही म्हणजे एकेक अक्षर उभं करायचं काम. नाव चौकटीत मावेना. शेवटची दोन अक्षरं रेघ ओलांडून समासात गेली. दुसरा कागद देतो, असं तो म्हणाला, तेव्हा तिनं शाई वाळेपर्यंत कागदावरचा हात काढला नाही.