मापात पडलेला बारावा हरभरा

मी एक जुनं पितळी माप आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून निवलेला नाही.

सोलापूरच्या तांबटाने मला घडवलं. निजामाच्या राजवटीत मी मुरुमच्या बाजारात, ईरण्णांच्या आडतीत धान्य मोजत असे. मोजून झालं की वर थोडं सोडायचं आणि ते मोजायचं नाही, ही त्या घरची रीत. ईरण्णांची लेक शिवकांता माझ्याशी खेळतच वाढली. तिच्या हातालाही तीच सवय लागली.

पुढे गुरुसिद्धप्पा मास्तरांनी मला शाळेसाठी मागून नेलं. अणू शिकवताना माझ्यात हरभरे, ते प्रोटॉन. माझ्याभोवती करडईचे दाणे, ते इलेक्ट्रॉन. "हरभरे मोजले की मूलद्रव्याचं नाव कळतं," मास्तर सांगत. "करडई कमी असली तर धन आयन, जास्त असली तर ऋण." शिवकांता चटकन ओळखायची. मला केवढा अभिमान वाटायचा!

एकदा हैदराबादहून तपासनीस साहेब यायचे होते. ईरण्णांनी सगळ्यांसमोर बजावलं, "मास्तर, पोरीनं सायबाला बरोबर सांगितलं तर फुडं शिकू दीन. न्हायतर उद्यापसनं घरी."

साहेबांनी विचारलं, "अकरा प्रोटॉन, दहा इलेक्ट्रॉन. मांडून दाखव. कोणता आयन?"

तिने अकरा हरभरे माझ्यात टाकले आणि सवयीने वर एक सोडला. बाहेर करडईचे दहा दाणे ठेवले. "सोडियम. एक धन," ती म्हणाली.

साहेबांनी मला पालथं केलं. "गलत! हे बारा आहेत. हा मॅग्नेशियम, दोन धन."

खरंय, बारावा पडला की सोडियम उरतच नाही. पण तिचं उत्तर विचारलेल्या प्रश्नाला बरोबर होतं! बारावा कुठून आला, एवढं विचारायला साहेबांची जीभ झिजली असती का? आणि ज्यांनी ती सवय लावली, ते समोर बसलेले ईरण्णा लेकीवरच डोळे वटारत होते!

शिवकांताला मात्र चूक उमगली. तिने मला पुढ्यात ओढलं आणि पुन्हा मोजायला घेतलं.

"अप्पा, आपल्या दुकानातल्यावानी वर एक टाकला म्या! थांबा, आत्ता काढते."

सात हरभरे पडले असतील नसतील, तोच ईरण्णांनी मला तिच्या हातातून हिसकावलं. "लई झालं शिकणं. चल घरी."

मास्तर हात जोडून आडवे आले. कुणी ऐकलं नाही. शिवकांता पुन्हा शाळेत आली नाही.

आज मी आडतीच्या कोपऱ्यात हिरवं पडून आहे. मला कुणी घासत नाही, त्याचं मला काही नाही. पण मित्रांनो, कुणी आपली चूक ओळखून पुन्हा मोजायला बसलं, तर त्याच्या हातातलं माप काढून घेऊ नका. तिचे फक्त चार हरभरे राहिले होते.