फरशीवरचं ताट

सासूबाईंनी स्टीलचं ताट फरशीवर दाणकन आपटलं. पाठमोरी बसलेली आमची ठकी गर्रकन वळली आणि दोन दात दाखवून हसली.

"घ्या! आणि हिला म्हणे कानाच्या डॉक्टरकडे न्यायचंय."

"आई, पण मी हाक मारते तेव्हा ती बघतसुद्धा नाही."

"तुझं ऐकत नाही, एवढंच," नणंद म्हणाली. "बापावर गेलीय."

सगळे हसले. मीही हसले. हसण्यात सामील झालं की विषय संपतो, हे लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

ताट आपटून बघायची ही आमच्या घरातली जुनी रीत. नवरा त्यात पास झाला होता, नणंदही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही ठकीसमोर टाळी वाजवली, तिने पाहिलं, त्यांनी "छान" म्हटलं. त्यांचे हात तिला दिसत होते, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी ते गिळलं. वाचून वाचून घाबरायची मला खोडच आहे. गरोदरपणात मी स्वतःला चार आजार लावून घेतले होते आणि त्यातला एकही निघाला नाही. तेव्हापासून घरात माझ्या शंकेला फारसा भाव नव्हता. खरं सांगायचं तर मीही तो देणं सोडलं होतं.

तरी डोळे मिटता येत नव्हते. ओट्यावर मिक्सर किंचाळायचा आणि ठकी आपली झाकणाशी खेळत बसायची. वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवलं की मात्र थबकायची. आणि वर बघायची नाही. खाली, फरशीकडे बघायची, तळहात टेकवून.

हे मी कुणाला सांगणार होते?

नवरा वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. रविवारी आमचंच मशीन थरथरायला लागलं. त्याने खोलून पाहिलं नाही, नुसता पत्र्यावर हात ठेवला.

"बेअरिंग गेलंय."

"आवाजावरून?"

"छे, आवाज काय, कसाही येतो. हाताला कळतं."

मी फरशीवर तळहात टेकून बसलेल्या ठकीकडे पाहिलं. तिला उचललं आणि आतल्या खोलीत पलंगावरच्या जाड गादीवर पाठमोरी बसवलं.

"आई, ताट घेऊन या."

"आता गं काय?"

"एकदाच. नाही वळली तर... नाही, वळलीच तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. शपथ."

"बरं बाई. तुझं समाधान होऊ दे."

त्यांनी ताट फरशीवर आपटलं. शेजारच्या कुत्र्याने भुंकायला सुरुवात केली. ठकी चादरीचा दोरा ओढत होती.

"खेळात दंग आहे," त्या म्हणाल्या.

"पुन्हा."

या वेळी त्यांनी ताट हातातच धरून त्यावर पळी हाणली, अगदी तिच्या पाठीशी. माझे कान झणझणले. दोरा तुटला, ठकीने दुसरा धरला.

नवरा दारात आला होता, हात ग्रीसने माखलेले. "अगं, चाललंय काय तुमचं?"

सासूबाईंनी तिसऱ्यांदा पळी मारली, चौथ्यांदा मारली, मग नुसतीच हाक मारली, "ठके... ए ठके..." आवाज बारीक होत गेला. मग त्या पलंगाच्या कडेवर बसल्या.

गादी दबली. ठकी लगेच वळली आणि आजीकडे बघून खुदकन हसली.

कुणीच हसलं नाही.

"उद्या किती वाजता जायचं?" सासूबाईंनी ताट मांडीवर घट्ट धरून विचारलं.

इतके दिवस मला वाटायचं, माझं खरं ठरलं की निदान सुटल्यासारखं वाटेल. पण मी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत उभी होते. त्याने नेहमीसारखं म्हणावं, उगाच काहीतरी डोक्यात घेतलंयस तू. एकदा तरी म्हणावं.

तो हात पुसत राहिला.